अभियांत्रिकी पदवीप्रवेश, नाशिक
बारावीनंतरच्या चार वर्षांच्या अभियांत्रिकी पदवी अभ्यासक्रमासाठी शाखा व महाविद्यालय निवडून गुणवत्तेनुसार जागा मिळविण्याची प्रक्रिया. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ पासूनचे, मुंबईची व्हिक्टोरिया जुबिली तंत्रसंस्था १८८७ ची. नाशिकच्या विद्यार्थ्याला या पदवीसाठी दीर्घकाळ परगावीच जावे लागे. १९८३ मध्ये राज्य शासनाने खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली व १९८४ मध्ये नाशिक येथे के. के. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. जागा वाढल्या, तसा शुल्क व देणग्यांचा प्रश्नही वाढला. सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निर्णयांनंतर राज्याने २०१५ च्या अधिनियमान्वये खाजगी संस्थांतील प्रवेश व शुल्क यांच्या नियमनाची व्यवस्था केली.

उमेदवाराने बारावीस भौतिकी व गणित हे विषय घेतलेले असावे लागतात. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत गणिताला १०० आणि भौतिकी व रसायनशास्त्र यांना मिळून १०० गुण असतात; चुकीच्या उत्तराबद्दल गुण वजा होत नाहीत. परीक्षा अनेक सत्रांत होत असल्याने निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के गुण नव्हेत; त्या सत्रातील शंभरांपैकी ९५ परीक्षार्थी त्या गुणांपर्यंतच पोहोचले, एवढाच त्याचा अर्थ. हा गैरसमज घराघरांत आढळतो.

यानंतरचा विकल्प-अर्ज हाच या प्रक्रियेचा गाभा होय. त्यात महाविद्यालय व शाखा यांच्या जोड्या पसंतिक्रमाने लिहावयाच्या असतात. संगणक गुणवत्ताक्रमाने एकेका उमेदवाराचा अर्ज घेतो, यादी वरून खाली वाचतो आणि त्याला मिळू शकणारी पहिली जागा देतो. म्हणून पुण्याचे दुर्लभ महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिल्याने दुसऱ्या क्रमांकावरील नाशिकच्या महाविद्यालयाची संधी तिळमात्र कमी होत नाही. उलट, हमखास मिळणारी जागा भीतीपोटी वर लिहिली, तर तिच्याखालील विकल्पांपर्यंत वाचन पोहोचतच नाही. शिवाय पहिल्या पसंतीची जागा मिळाल्यास ती बंधनकारक ठरते व पुढील फेऱ्यांत बदल मिळत नाही. गतवर्षीचा अखेरचा गुणांक यादी किती लांब करावी हे सांगतो, तिचा क्रम सांगत नाही. फेऱ्यांचे तपशील वर्षागणिक बदलतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच प्रमाण मानावी.

खाजगी महाविद्यालयांतील बऱ्याच जागा गृह-विद्यापीठक्षेत्रातील उमेदवारांसाठी असतात. पुणे, अहिल्यानगर व नाशिक हे जिल्हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. हे क्षेत्र सामान्यतः बारावी जेथून उत्तीर्ण झाली त्यावरून ठरते, घराच्या पत्त्यावरून नव्हे. अकरावी-बारावीसाठी लातूरला गेलेल्या नाशिककर विद्यार्थ्याच्या हे बहुधा उशिरा लक्षात येते.

शाखा निवडताना त्या वर्षीच्या मागणीखेरीज अभ्यासविषयांची यादी पाहणे इष्ट. सातपूर, अंबड व सिन्नर येथील कारखाने आणि ओझर येथील विमानकारखाना यांमुळे यंत्र व विद्युत् शाखांचे प्रत्यक्ष काम जिल्ह्यातच पाहता येते. ही सोय संगणकशाखेच्या आकर्षणापुढे दुर्लक्षिली जाते.

राखीव प्रवर्गातील उमेदवारांना जातीच्या दाखल्याबरोबर जातवैधता प्रमाणपत्रही लागते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर यांसारख्या आदिवासी तालुक्यांतील मुलांना वडील-आजोबांच्या जुन्या शालेय व महसुली नोंदी जमविण्यात बराच काळ लागतो. विहित मुदतीत वैधता न मिळाल्यास उमेदवार खुल्या प्रवर्गात गणला जातो आणि उत्तम गुण असूनही हाती आलेली जागा जाऊ शकते. त्यामुळे हा अर्ज निकालाची वाट न पाहता अकरावीतच करणे आवश्यक ठरते.