घरगुती द्राक्षमद्याचा हिशेब

माघ-फाल्गुनांत नाशिकची द्राक्षें वाशीच्या बाजारांतून उलव्याच्या घरोघरीं येऊं लागतात. अशा वेळीं परदेशीं राहणाऱ्या आप्तांनीं सांगितलेली एक गोष्ट पुष्कळांना आठवते. तिकडे घरच्या घरीं द्राक्षमद्य, म्हणजे वाइन, करण्याचे तयार संच मिळतात आणि एका संचांतून तीस बाटल्या भरतात, असें म्हणतात. ही गोष्ट कितपत खरी?

आंकडा खोटा नाहीं. पण तो कागदावरचा आहे. नेहमींच्या संचांत द्राक्षांचा आटवलेला रस, यीस्ट हें किण्व आणि मद्य निवळविण्याचीं द्रव्यें असतात. त्यांत पाणी मिसळून २३ लिटर रस सिद्ध करावयाचा. बाटली ७५० मिलिलिटरांची धरली, तर ३० बाटल्या भरून थोडा उरतो. परंतु रस आंबून झाला, कीं पात्राच्या तळाशीं दाट गाळ बसतो. वरचें निवळ मद्य काढून घेतांना दीड लिटर मागें राहिलें, तर हातीं साडेएकवीस लिटरच येतें, आणि पुऱ्या बाटल्या भरतात २८. ताज्या द्राक्षांतही तूट चुकत नाहीं. १०० किलो द्राक्षांपासून साधारणतः ६० ते ७० लिटर मद्य मिळतें.

मग ही तूट पाण्यानें भरून काढली तर? येथेंच हिशेब फसतो. मद्यार्क पाण्यापासून होत नाहीं, साखरेपासून होतो. लिटरभर रसांतील सुमारें १७ ग्रॅम साखर आंबली, म्हणजे शेंकडा एक या प्रमाणांत मद्यार्क तयार होतो. लिटरांत २०४ ग्रॅम साखर असली, तर तो शेंकडा १२ भरतो. अशा २३ लिटर रसांत आणखी चार लिटर पाणी ओतलें, तर बाटल्या ३४ होतील. मद्यार्क मात्र शेंकडा दहावर येईल. बाटल्या वाढल्या, मद्यार्क तेवढाच राहिला. शिवाय असें पातळ मद्य लवकर आंबट होतें.

साखरेचा निम्मा भाग तर वायुरूपानें उडून जातो. २३ लिटर रसांतील पावणेपांच किलो साखरेपासून कर्बाम्ल वायु हजार लिटरांहून अधिक निघतो. आंबणें संपण्यापूर्वींच बाटलीचें बूच घट्ट लावलें, तर बाटली फुटते. या कामाला २० ते २५ अंशांची उष्णता मानवते. उलव्याच्या खाडीकांठच्या उन्हाळ्यांत ती घरांत सहज मिळत नाहीं.

या सर्वांपेक्षां मोठी अडचण कायद्याची आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नांवानें चालू आहे. त्याप्रमाणें परवान्यावांचून मद्य तयार करणें हा गुन्हा होय. मग तें विक्रीसाठीं असो वा घरच्यापुरतें. २००१ सालीं राज्यानें द्राक्षप्रक्रियेचें धोरण आंखलें, तें परवानाधारक कारखान्यांसाठीं. घरगुती पात्रांसाठीं नव्हे.

तेव्हां आप्तानें प्रेमानें धाडलेल्या संचावर तीस हा आंकडा छापलेला असला आणि गाळ वजा जातां तो अठ्ठावीस होत असला, तरी उलव्याच्या घरांत त्याचें योग्य उत्पन्न शून्य बाटल्या हेंच समजावें.