कार्ड घातलं की लिनक्स, काढलं की अँड्रॉइड

रनाळ्याच्या शाळेतल्या पोराला दोन-अडीच हजारांत संगणक मिळेल का, असा प्रश्न संपादकांनी टाकला. नंदुरबार तालुक्यातल्या या गावासाठी उत्तर शोधत गेलो आणि पोचलो पवईच्या आयआयटीतल्या 'आकाश' या स्वस्त टॅब्लेटपाशी.

इतिहास थोडक्यात सांगतो. २००६ च्या सुमारास सरकारपुढे आलेल्या स्वस्त संगणकाच्या आराखड्यांपैकी एक वेल्लोरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याचा होता. २०१० मध्ये तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी ३५ डॉलरच्या यंत्राचा नमुना दाखवला. ५ ऑक्टोबर २०११ ला आकाश आला, सरकारी दर २,२७६ रुपये. ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी आणि नखाने दाबल्याशिवाय दाद न देणारा पडदा. लोकांनी नावं ठेवली, आणि ती रास्तच होती. मग प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली आयआयटी मुंबईने सूत्रं घेतली. ११ नोव्हेंबर २०१२ ला आकाश-२ आला: एक गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, दुप्पट मेमरी आणि बोट फिरवलं तरी चालणारा पडदा.

मी अडकलो या आकाश-२ च्या एका खोडीत. चालू होताना त्याचा प्रोसेसर आधी मेमरी कार्ड चाचपतो आणि तिथे काही नसलं तरच आतल्या साठवणीकडे वळतो. प्रकल्पातल्या मंडळींनी नेमकं हेच हेरलं. कार्डावर लिनक्स चढवलं, त्यात प्रोग्रॅमिंगसाठी पायथन आणि गणिती आकडेमोडीसाठी सायलॅब बसवलं. कार्ड काढलं की पुन्हा अँड्रॉइड. म्हणजे विद्यार्थ्याने लिनक्समध्ये कितीही मोडतोड केली, तरी सहसा बिघडणार ते फक्त कार्ड. शिकणाऱ्याला ही निर्भयता देणारं यंत्र मला महागड्या लॅपटॉपपेक्षा थोर वाटतं.

पण काळजी आहे ती पुढची. स्वस्त संगणक बनवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात खर्च मांडला जातो चिपचा. पैसा खातात पडदा आणि बॅटरी. आकाश-२ च्याच वर्षी आलेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक ३५ डॉलरमध्ये बसला, कारण त्याला पडदाच नव्हता. टीव्ही ज्याचा त्याने आणायचा. आकाशचे सुटे भाग परदेशातून यायचे, पुरवठा रखडला, वाद झाले, योजना थंडावली. पडदा तडकला किंवा बॅटरी फुगली, तर रनाळ्यातून पोराने टॅब्लेट कुठे न्यायचा? प्रकल्पाच्या अहवालात या प्रवासाचं भाडं कुणी धरत नाही.

म्हणून अभियांत्रिकीच्या मुलांना एवढंच सांगणं: पुढचा स्वस्त संगणक बनवाल, तेव्हा त्याचा पडदा आणि बॅटरी साध्या पेचकसाने बदलता येतील असं करा, आणि हे भाग नंदुरबारच्या बाजारात मिळतील अशी व्यवस्थाही त्याच प्रकल्पात धरा.