टायर घासतोय कुठं?

पावसाळ्यात गगनबावडा, दाजीपूरच्या वाटेला लागणाऱ्या जीपगाड्या अलीकडे बऱ्याच उंच दिसतात. जास्त बाक असलेले पाटे नाहीतर लांब शॅकल घालून गाडी दोन इंच वर उचलायची आणि खाली रुंद टायर बसवायचे, अशी ही हौस. माझ्या भाच्यानेही ती केली, आणि वळणावर त्याची जीप खर्रखर्र बोलू लागली. ‘‘मामू, मडगार्ड कापून टाकतो,’’ तो म्हणाला. मी कवितेतला माणूस, पण घाटात टायरची बाजू फाटली तर काय होईल, एवढे मला कळते. मी त्याला उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रीकडे नेले.

मिस्त्रीने पाना घेतला नाही, खडू घेतला. ‘‘पत्रा कापायचा सगळ्यात शेवटी, पोरा. आधी घासतंय कुठं ते तर बघूया.’’ टायरला दोन्ही बाजूंनी खडू फासून त्याने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावले. मग एक चाक दगडावर चढवून पुन्हा तेच. खडू पुसला जाईल ती घासण्याची जागा.

गाडी उंच केली म्हणजे टायरला जागा वाढली, असा आपला समज असतो. उभ्या गाडीत ती वाढतेही. पण खड्ड्यात कमान दबली की चाक पूर्वीइतकेच वर येते. त्याला अडवतो तो बंपस्टॉप, म्हणजे चेसीखालचा रबरी ठोकळा. टायर मोठा झाला आणि ठोकळा तेवढाच राहिला, तर मडगार्डला लागणारच. अशा वेळी ठोकळा खाली वाढवतात. गाडी थोडे जास्त दणके देते, पण टायर वाचतो.

भाच्याच्या जीपचे दुखणे मात्र वेगळे निघाले. पूर्ण वळणावर टायर आतून कमानीला लागत होता. मडगार्ड कापून काडीचा उपयोग झाला नसता! एक्सलच्या टोकाशी चाकाच्या वळण्याची हद्द ठरवणारा बोल्ट असतो. तो दोन आटे बाहेर काढला आणि काम झाले. आता गाडी वळवायला जागा थोडी जास्त लागते, इतकेच.

जिम्नीसारख्या कॉइल स्प्रिंगच्या गाड्यांत एक्सलला आडवा धरणारा रॉड असतो. गाडी उचलली की तो जास्त तिरपा होतो आणि एक्सल एका अंगाला सरकतो. म्हणून एकाच बाजूचा टायर घासत असेल तर आधी हा रॉड पाहावा. लांबी कमीजास्त करता येणारा रॉड मिळतो. चाक बाहेर ढकलणारे स्पेसर मला पटत नाहीत. आतले घासणे थांबते, बाहेरचे सुरू होते आणि बेअरिंगवरचा भार वाढतो.

कायद्याचेही ध्यानात ठेवावे. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये दिला आहे. तेव्हा पैसे ओतण्याआधी आरटीओत विचारलेले बरे.

आणि चाक खाली लोंबले की ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो का, तेही बघून घ्यावे. मिस्त्रीने ते शेवटी पाहिले. मी असतो तर सगळ्यात आधी पाहिले असते.