आपलेच तर सगळे, नियम कशाला?

शिरपूर तालुक्याचं गाव असलं तरी इथे आर. सी. पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, एनएमआयएमएसचं संकुल आहे. इतकी मुलं प्रोग्रॅमिंग शिकतात म्हटल्यावर रविवारी लॅपटॉप घेऊन जमणारे, एकमेकांना पायथन शिकवणारे गट होणारच. त्यात पगार कुणालाच नसतो, नोंदणीही नसते. ज्याच्याकडे हॉलची चावी, तोच बहुधा अध्यक्ष. अशा गटात कुणी "आचारसंहिता करू या" म्हटलं की ठरलेले आक्षेप सुरू होतात.

"आपण सगळे ओळखीचे. नियम केले म्हणजे एकमेकांवर विश्वास नाही असंच झालं."

गणेश मंडळ वर्गणीचा हिशेब फलकावर लावतं, ते काही कार्यकर्ते चोर असतात म्हणून नव्हे. शिवाय ओळख असेल तिथे तक्रार जास्त अवघड होते. पुण्यात एका गटात पटलं नाही तर दुसरा सापडतो. शिरपुरात ज्याच्याविषयी बोलायचं तो बहिणीच्या सासरकडचा निघतो, नाहीतर प्रोजेक्टला मार्क देणाऱ्या सरांचा लाडका. बोराडीहून एसटीने येणाऱ्या मुलीला रात्री अकराला "झोपलीस का?" असे मेसेज येऊ लागले, तर ती तक्रार करत नाही. घरी कळलं तर शिक्षणच बंद होईल, या धास्तीने ती यायचंच थांबवते. गटाला मात्र वाटतं, तिला कोडिंगची आवडच नव्हती.

दरवेळी प्रकार इतका ठळक नसतो. सादरीकरण करताना एखाद्याच्या तोंडून घरच्या बोलीत "हा डेटा इथं शे" असं निघून जातं आणि हॉल हसतो. पुढच्या वेळी तो पुढे येत नाही. सातपुड्यातून आलेल्या पावरा आदिवासी मुलाला "तुला काय, तुझी सीट पक्कीच होती" असं गमतीने ऐकवलं जातं. खान्देशातल्या गटाने आचारसंहिता लिहायला घेतली तर बोलीवरून आणि जातीवरून टोमणे मारायचे नाहीत, हे पहिल्या पाच ओळींत यावं असं माझं मत आहे.

"हे अमेरिकेतलं फॅड आहे."

आचारसंहितेचा जगभर सर्वाधिक वापरला जाणारा मसुदा, कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट, 2014 मध्ये कोरालाइन एडा एमके यांनी लिहिला, हे खरं. पण 2021 च्या 2.1 या आवृत्तीत भेदभावाच्या यादीत वंश आणि धर्म यांच्या जोडीला "जात" हा शब्द आला. तो अमेरिकेपेक्षा आपल्यालाच जास्त लागू आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली ती 1997 साली, या मसुद्याच्या सतरा वर्षं आधी.

"कडक बोलल्याशिवाय कोड सुधारत नाही."

याचं उत्तर लिनक्सने दिलं आहे. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांच्या शिवराळ ईमेल एके काळी दंतकथेसारख्या सांगितल्या जात. सप्टेंबर 2018 मध्ये त्यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही आठवडे सुट्टी घेतली आणि त्याच सुमारास लिनक्स कर्नलने कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट स्वीकारला. आता प्रकल्प बुडणार, असं भाकीत अनेकांनी केलं. कर्नलची नवी आवृत्ती आजही साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि चुकीचा कोड आजही नाकारला जातो. "हा लूप रिकाम्या यादीवर कोसळतो, आधी लांबी तपास" ही कडक टीकाच आहे. "अक्कल गहाण ठेवली होती का?" या वाक्यातून लूपबद्दल काहीही कळत नाही.

"आपण नोकरदार नाही, त्यामुळे कायद्याचा संबंध नाही."

2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात कर्मचाऱ्याच्या व्याख्येतच विनामोबदला आणि स्वेच्छेने काम करणारे येतात. दहापेक्षा कमी माणसं काम करतात अशा ठिकाणच्या तक्रारींसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. तक्रारीची मुदत तीन महिने. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. गट महाविद्यालयातला असेल तर यूजीसीचे 2015 चे नियम लागू होतात आणि महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीकडे जाता येतं. गुन्हा घडला असेल तर "आधी आमच्याकडे या, पोलिसांत जाऊ नका" असं सांगण्याचा अधिकार कुठल्याही गटाला नाही. आचारसंहितेत हे स्पष्ट लिहावं.

"नेटवरून मसुदा उतरवून घेतला की काम झालं."

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंटमध्ये तक्रार कुणाकडे करायची ती जागा मुद्दाम कोरी ठेवलेली असते. ती तशीच कोरी ठेवून कागद चिकटवण्यापेक्षा न चिकटवलेला बरा. मसुद्याच्या 2.1 आवृत्तीत कारवाईच्या पायऱ्याही दिल्या आहेत: खासगीत लेखी समज, मग ताकीद, मग तात्पुरती बंदी आणि शेवटी कायमची. पण पायरी ठरवणार कोण? आणि तक्रार नेमकी चावीवाल्या अध्यक्षांविरुद्धच असेल तर? रस्ट या भाषेच्या प्रकल्पात नोव्हेंबर 2021 मध्ये अख्ख्या मॉडरेशन पथकाने राजीनामा दिला. मुख्य पथक स्वतःखेरीज कुणालाच उत्तरदायी नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. जगभरातून माणसं जोडलेल्या प्रकल्पाची ही गत, तर आपल्या वीस जणांच्या गटात अध्यक्षांना जाब विचारणार कोण, हे आधीच ठरलेलं बरं.

"तक्रार आली की ग्रुपवर टाकायची, म्हणजे पारदर्शकता."

अजिबात नाही. 2013 च्या अमेरिकेतल्या पायकॉन परिषदेत शेरेबाजीची तक्रार फोटोसकट सोशल मीडियावर गेली. शेवटी शेरा मारणाऱ्या एकाची नोकरी गेली आणि तक्रार करणारीचीही. तक्रार गटाने आधीच नेमलेल्या दोघांनी ऐकावी, दोन्ही बाजू लिहून घ्याव्यात, निर्णय संबंधितांना कळवावा. व्हॉट्सॲपवर त्यातलं काहीही जाऊ नये.

तेव्हा पुढच्या कार्यशाळेच्या नोंदणी अर्जावर जेवणाच्या वेळेखाली तक्रार ऐकणाऱ्यांची दोन नावं आणि दोन मोबाइल नंबर छापा. त्यातलं एक नाव बाईचं असू द्या आणि एक गट चालवणाऱ्यांबाहेरच्या माणसाचं.