वाहनचालन, ओल्या रस्त्यावरील
पावसाने भिजलेल्या रस्त्यावर टायर व रस्ता यांमधील पकड कायम राखून मोटारगाडी नियंत्रणाखाली चालविण्याच्या तंत्रास ही संज्ञा लावतात. हे तंत्र सर्वच वाहनांना आवश्यक असले, तरी स्पोर्ट्‌स मोटारगाडीच्या बाबतीत त्याला विशेष महत्त्व आहे. एंजिनाची मोठी शक्ती, रुंद टायर व जमिनीलगतचा सांगाडा या वैशिष्ट्यांमुळे कोरड्या रस्त्यावर तिला वेग व स्थैर्य लाभते. परंतु ओल्या रस्त्यावर यांपैकी काही धोक्याची ठरतात. छत्रपती संभाजीनगर (जुने नाव औरंगाबाद) हे मोटारउद्योगाचे केंद्र आहे. शहराजवळ शेंद्रा येथे २००१ मध्ये स्कोडा मोटारगाड्यांचा कारखाना सुरू झाला व पुढे तेथे आउडी गाड्यांचीही जुळणी होऊ लागली. या परिसरात काँक्रीटचा द्रुतगती मार्ग, वळणावळणाचे घाट आणि काळ्या जमिनीतून जाणारे डांबरी रस्ते असे तिन्ही प्रकार असल्याने येथील उदाहरणांवरून हा विषय चांगला स्पष्ट होतो.

पकड व थांबण्याचे अंतर : गाडीचा वेग वाढविणे, तो कमी करणे व वळणे या तिन्ही क्रिया टायर व रस्ता यांमधील घर्षणावर अवलंबून असतात [⟶ घर्षण]. चांगल्या कोरड्या रस्त्यावर घर्षण गुणांक सु. ०·८ असतो, ओल्या रस्त्यावर तो सु. ०·४ पर्यंत उतरतो. त्यामुळे ताशी ८० किमी. वेगाने जाणारी गाडी ब्रेक लावल्यापासून कोरड्या रस्त्यावर सु. ३२ मी. अंतरात थांबत असेल, तर ओल्या रस्त्यावर तिला सु. ६३ मी. अंतर लागते. धोका दिसल्यापासून ब्रेक लावेपर्यंत जाणाऱ्या एका सेकंदात गाडी आणखी २२ मी. पुढे गेलेली असते, हे वेगळेच. ५० मी. त्रिज्येचे सपाट वळण कोरड्या रस्त्यावर ताशी सु. ७० किमी. वेगापर्यंत घेता येते. ओल्या रस्त्यावर ही मर्यादा ताशी सु. ५० किमी. होते. एंजिनाची शक्ती कितीही असली, तरी या मर्यादा बदलत नाहीत.

पहिला पाऊस : रस्त्यावर साचलेले तेल, रबराची भुकटी व धूळ यांत थोडे पाणी मिसळले की बुळबुळीत थर तयार होतो. जोराच्या पावसाने तो वाहून जातो. म्हणून पावसाची पहिली काही मिनिटे अधिक धोक्याची असतात. मराठवाड्यात जून ते सप्टेंबर या काळात पावसात वारंवार खंड पडतो. त्यामुळे येथे ‘पहिल्या पावसा’ची ही स्थिती एकाच हंगामात अनेकदा उद्‌भवते. शिवाय शेतातून रस्त्यावर येणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर काळ्या मातीचा चिखल डांबरावर पसरतो. शिवाररस्ते जेथे मिळतात, तेथे वेग आधीच कमी करणे इष्ट असते.

जलतरंगण : साचलेल्या पाण्यावरून वेगाने जाताना टायरला पाणी बाजूला सारण्यास अवधी मिळत नाही. पाण्याचा थर टायरखाली शिरून चाक रस्त्यापासून उचलले जाते व सुकाणू आणि ब्रेक हे दोन्ही निरुपयोगी होतात. अमेरिकेतील नासा या संस्थेने विमानांच्या टायरवर केलेल्या प्रयोगांवरून १९६३ मध्ये असे दाखवून दिले की, हा क्रांतिक वेग टायरमधील हवेच्या दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. हवेचा दाब दर चौ. इंचास ३२ पौंड असल्यास तो ताशी सु. ९४ किमी. येतो, दाब २४ पौंडांवर उतरल्यास ताशी सु. ८२ किमी. होतो. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाच्या (लांबी ७०१ किमी.) सपाट भागात मोटारगाड्यांना ताशी १२० किमी. वेगाची अनुज्ञा आहे. म्हणजे या मार्गावर पाणी साचले असता कायदेशीर मर्यादेच्या आतील वेगही प्राणघातक ठरू शकतो. रुंद टायरला अधिक पाणी सारावे लागत असल्याने स्पोर्ट्‌स गाडीत हा धोका लवकर उद्‌भवतो. टायरवरील खाचांची खोली भारतीय नियमांनुसार किमान १·६ मिमी. असावी लागते, पावसाळ्यात ती याहून बरीच अधिक असणे सुरक्षित असते.

चालनाची पद्धती : सुकाणू, ब्रेक व प्रवेगक यांचा वापर हळुवारपणे करावा. टायरची उपलब्ध पकड वळणे व थांबणे यांत विभागली जात असल्याने ब्रेक वळणापूर्वी, गाडी सरळ असताना लावावा. मागील चाकांना शक्ती पुरविणाऱ्या गाडीत प्रवेगक एकदम दाबल्यास मागील चाके जागीच फिरून गाडी आडवी होते. अशा वेळी प्रवेगक हळूहळू सोडून मागील भाग ज्या दिशेने घसरत असेल, त्याच दिशेला सुकाणू वळवावे. जलतरंगण झाल्यास सुकाणू सरळ धरून प्रवेगक सोडावा व ब्रेक लावू नये. चाके जखडू न देणारी ब्रेकप्रणाली (एबीएस) असलेल्या गाडीत आणीबाणीच्या वेळी ब्रेक घट्ट दाबून धरावा. या प्रणालीमुळे दिशा सांभाळता येते, मात्र रस्त्याची कमी झालेली पकड तिला वाढविता येत नाही.

घाट व फरशी पूल : कन्नड–चाळीसगाव दरम्यानच्या औट्रम घाटात उतार, वळणे व धुके यांचा एकत्र सामना करावा लागतो. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अतिवृष्टीने दरडी कोसळून हा घाट वाहतुकीस बंद झाला होता. घाट उतरताना खालचा गिअर ठेवून एंजिनाच्या रोधाने वेग आवरावा. मात्र गिअर बदलताना क्लच झटक्याने सोडू नये, कारण त्यानेही चाके घसरतात. फरशी पुलावरून पाणी वाहत असल्यास गाडी थांबवावी. सु. ३० सेंमी. खोलीचे वाहते पाणीही लहान गाडी वाहून नेऊ शकते. स्पोर्ट्‌स गाडीचा तळ जमिनीपासून फार उंच नसल्याने पाण्याचा जोर तिला लवकर लागतो, तसेच हवेच्या नळीवाटे पाणी एंजिनात शिरून ते निकामी होण्याचा संभव असतो.