मोटारघरामागची पिकप

प्रवासास निघावें आणि घरही बरोबर असावें, ही हौस अमेरिका व कॅनडा या देशांतील पुष्कळ कुटुंबें 'मोटारहोम' घेऊन भागवितात. निजावयाची जागा, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणी इतकें सारें त्या एका गाडींत असतें. परंतु मुक्कामावर दूध संपलें तर तेवढ्यासाठीं अवघें घर बाजारांत हांकीत नेणें परवडत नाहीं. म्हणून मागें एक लहान मोटार जोडतात. डोंगरवाटा हिंडावयाच्या असल्यास ती चारी चाकांना गति देणारी, हातानें गिअर बदलण्याची पिकप असते. तिला दुसऱ्या गाड्यावर न चढवितां तिच्याच चार चाकांवर ओढीत नेण्यास 'फ्लॅट टोइंग' म्हणतात.

मोटार स्वतः चालते तेव्हां शक्ति इंजिनाकडून क्लच व गिअरपेटी यांतून चाकांकडे जाते. मोटार ओढली जाते तेव्हां हा क्रम उलटतो. अशा वेळीं गिअर न्यूट्रलमध्यें ठेवला म्हणजे झालें, असा समज होणें स्वाभाविक आहे. पण तो पुरा खरा नाहीं. पुष्कळ गिअरपेट्यांत खालचीं दंतचक्रें तळच्या तेलांत फिरून तें वर उडवितात व त्यावरच वंगण चालतें. इंजिन बंद असतां न्यूट्रलमध्यें हीं चक्रें स्तब्ध राहतात, आणि चाकांकडचा दांडा मात्र कोरडाच फिरत राहतो. शेंकडों मैलांच्या प्रवासांत तो झिजून जातो.

या पिकपला 'ट्रान्स्फर केस' नांवाची दुसरी पेटी असते. पुढच्या व मागच्या चाकांत शक्ति वांटणें हें तिचें काम. तिला स्वतःची न्यूट्रल अवस्था असल्यास चाकांचा फेरा तेथेंच थांबतो, आणि गिअरपेटी व इंजिन स्वस्थ राहतात. गिअरपेटीचा दांडा ओढीनें फिरूं नये म्हणून ती मात्र गिअरमध्यें ठेवतात. सर्वच पिकपांना ही सोय नसते. म्हणून कारखान्याची पुस्तिका काय सांगते तें प्रथम पाहावें लागतें.

ट्रान्स्फर केस न्यूट्रलऐवजीं मंद गतीच्या खांचेंत राहिली तर काय होईल, याचा हिशेब सोपा आहे. तासीं ६० मैल वेगानें मिनिटास ५,२८० फूट अंतर कापलें जातें. चाकाचा घेर साडेसात फूट धरल्यास मिनिटास ७०४ फेरे होतात. मागच्या कण्यावर ४ पट, मंद गतींत अडीच पट व पहिल्या गिअरांत ४ पट, मिळून ४० पट वाढ धरली, तर इंजिनाच्या वांट्यास २८,००० हून अधिक फेरे येतात. सामान्य इंजिनास ६,००० च्या आसपासच मर्यादा असते. तो आंकडा गांठण्यापूर्वींच क्लचची तबकडी फुटते किंवा इंजिन मोडतें.

म्हणून जाणता चालक पिकप मोटारघरास जोडल्यावर ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्यें घालतो, हातब्रेक सोडतो, इंजिन सुरू करून आधीं उलटा व मग सुलटा गिअर घालतो आणि क्लच सोडून पाहतो. पिकप जराही हलली नाहीं, तरच तो इंजिन बंद करून, गिअर तसाच ठेवून, सुकाणूचें कुलूप मोकळें करतो. जोडदांडा सांखळ्यांनीं दुहेरी बांधलेला असतो, मागचे दिवे मोटारघराच्या दिव्यांबरोबर लागतात. वेग दुप्पट झाला कीं थांबवावयाची शक्ति चौपट होते. म्हणून पिकपचा ब्रेक दाबणारें वेगळें साधनही बसवितात, व अनेक राज्यांत कायदाही तें मागतो. अशी जोडगाडी मागें मात्र नेत नाहींत; पिकपचीं पुढचीं चाकें आडवीं वळून जोडदांडा वांकतो.

मागच्या पिकपमध्यें कोणी बसलेलें नसतें. तिचा हातब्रेक अडकून धूर निघूं लागला तरी पुढच्या जड घरांत त्याची चाहूल लागत नाहीं. थोडे मैल गेल्यावर थांबून, उतरून, चाकें अवाजवी तापलीं आहेत काय हें हात जवळ नेऊन पाहावें लागतें. त्यास पांच मिनिटें लागतात. तीं वांचविणाऱ्यास पुढें इंजिनाची किंमत मोजावी लागते.