बावीस तीर्थांचा पाणक्या

रामेश्वरास आलेला यात्रेकरू थेट देवदर्शनास जात नाही. पूर्वेच्या गोपुरासमोर काही पावलांवर जो समुद्र आहे, ज्यास तेथे अग्नितीर्थ म्हणतात व ज्यास एखाद्या तळ्याहून अधिक लाट क्वचितच असते, त्यात बुडी मारून, अंगावरून खारे पाणी निथळत असतानाच तो देवळाच्या आवारात शिरतो, आणि तेथून पुढे तासभर पाणक्याच्या स्वाधीन होतो.

आवारात तीर्थे बावीस. सेतुमाधवासारखे तळे सोडले तर बहुतेक विहिरीच. महालक्ष्मीतीर्थापासून आरंभ करून कोटितीर्थाशी संपवायचे, असा दस्तूर आहे. गंगा, यमुना व गया यांची येथे शेजारशेजारच्या विहिरींत गाठ पडते, त्यामुळे माझ्यासारख्या आळशी माणसाची पुष्कळच सोय होते. समुद्र हाकेच्या अंतरावर असून हे पाणी इतके कमी खारट कसे, याचे कारण वाळूत आहे : तीतून झिरपलेले पावसाचे पाणी खालच्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते.

आमच्या वाट्यास आलेला पाणक्या पंचविशीतला, काटक. खांद्यावर दोराचे वेटोळे, हातात लहानशी बादली. विहीर आली की तो कठड्यावर चढे, पाय फाकून उभा राही व बादली सोडे. पण नुसती सोडलेली बादली पाण्यावर तरंगत बसते, हे ज्याने गावी पोहरा ओढला आहे त्यास ठाऊक असते, म्हणून ती पाण्यास टेकताक्षणी तो दोरास मनगटाने असा झटका देई की ती पालथी होऊन डुबकन भरे, तीन ओढींत वर येई, आणि शेवटच्या ओढीचा जो झोक उरे त्याच झोकात कोणाच्या तरी डोक्यावर रिती होई. आम्ही अकराजण होतो. माणशी एक धरली तरी दोनशे बेचाळीस बादल्या, असा हिशेब मी सूर्यतीर्थाशी कुडकुडत मांडला.

माझ्यापाशी आजीने काशीहून आणलेला, तोंड झाळलेला गंगेचा गडू होता. काशीची गंगा रामेश्वरास वाहावयाची व सेतूची वाळू प्रयागास न्यावयाची, या वहिवाटीचा पहिला अर्धा भाग तिच्या हातून राहून गेला होता. निसरड्या फरशीवर गडू सुटेल या भयाने मी तो पाणक्याकडे दिला. त्याने तो उपरण्यात बांधून पाठीशी टाकला व पुढची विहीर गाठली. तेव्हा ध्यानात आले की, त्या चिंब गर्दीत हा एकटाच कमरेच्या वर कोरडा होता. ओले होते ते त्याचे तळहात, आणि दोर जेथून सरके तेथे त्यांवर पांढुरके घट्टे पडले होते.

कोटितीर्थाशी त्याने माझ्या डोक्यावर एक बादली जास्त ओतली. ओलेत्याने गाभाऱ्याकडे जाता येत नाही, तेव्हा मंडळी कपडे बदलण्याच्या घाईत होती. त्याने गाठ सोडून गडू माझ्या हाती ठेवला. मी कनवटीची भिजलेली नोट काढून दिली. ती त्याने कठड्यावर, आधीच वाळत घातलेल्या चार-पाच नोटांशेजारी पसरली, वर खडा ठेवला, आणि दोराचे वेटोळे खांद्यावर टाकून तो पुढच्या मंडळींना आणावयास महालक्ष्मीतीर्थाकडे वळला.